‘वी’ म्हणजे आम्ही की आपण? एका द्राक्ष-कंटेनरचा पत्रव्यवहार

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमधून फेब्रुवारीतल्या एका बुधवारी इंग्लंडच्या आयातदाराला मेल गेला. मेल छोटाच होता. त्यातल्या तीन ओळी जशाच्या तशा देते, फक्त लिपी आपली :

‘वी शुड चेक द बारकोड बिफोर लोडिंग. यू मस्ट कन्फर्म टिल फ्रायडे. वी वुड लोड ऑन सॅटरडे.’

दुपारीच उत्तर आलं : ‘साउंड्स गुड, थँक्स.’

शुक्रवार गेला. शनिवारी कंटेनर भरला आणि न्हावा शेव्याला रवाना झाला. आत थॉमसनची द्राक्षं, अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे डबे, प्रत्येक पनेटवर लेबल आणि लेबलवर तेरा आकड्यांचा बारकोड. तो बारकोड आदल्या हंगामाचा होता. तिकडच्या गोदामात स्कॅनरने माल ओळखायला नकार दिला, तेव्हा हे उघडकीला आलं. पनेट न पनेट बाहेर काढून नवी लेबलं लावावी लागली. द्राक्षासारखा माल, त्यात आधीच समुद्रावर एवढे दिवस गेलेले. खर्च कोणाच्या माथी, यावर जे मेल सुरू झाले त्यांचा सूर दर दिवशी चढत गेला.

मी नाशिकमध्ये छोट्या कंपन्यांतल्या लोकांना कामकाजाचं इंग्रजी शिकवते. मालकांनी मला बोलावलं ते या भांडणानंतर. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘मॅडम, मेल लिहिणारी पोरगी हुशार आहे. फायटो, बीएल, इनव्हॉइस, निर्यातीच्या कुठल्याच कागदात एक चूक नाही. ग्रामरही पक्कं आहे म्हणते. मग हे झालं कसं?’

पोरगी खरंच हुशार होती. बी. कॉम., मराठी माध्यम, वहीत सगळं नीट लिहिलेलं. तिची वही मी मागून घेतली. एका पानावर शाळेपासून चालत आलेली यादी होती : कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, मस्ट म्हणजे ‘च पाहिजे’, शुड म्हणजे पाहिजे, वुड म्हणजे ‘विल’चा भूतकाळ. समोरच्या पानावर शब्दयोगी अव्ययं : टिल म्हणजे पर्यंत, फ्रॉम म्हणजे पासून, बाय म्हणजे कडून. सर्वनामांना पान नव्हतंच. आय, वी, यू यांत शिकायचं काय, असा सगळ्यांचाच समज असतो.

मी तिला म्हटलं, ‘अगं, मेल बाजूला ठेव. हाच निरोप तुला तासगावच्या व्यापाऱ्याला फोनवर द्यायचाय. कशी बोलशील?’

ती क्षणभरही थांबली नाही : ‘भरायच्या आधी बारकोड एकदा आपण बघून घेऊ हं. तुमचा होकार शुक्रवारच्या आत लागेल आम्हाला. शनिवारी भरतोय.’

तीन वाक्यं, तिन्ही नेमकी आणि तिन्ही नम्र. ‘आपण’ कुठे आणि ‘आम्हाला’ कुठे, हेही तिने न चुकता वेगळं ठेवलं होतं. मेल लिहिताना या तिन्ही वाक्यांचा चुराडा झाला होता, कारण तो या मराठीतून आलाच नव्हता. तो वहीतल्या यादीतून आला होता.

पहिलं वाक्य सगळ्यात महागात पडलं, आणि गंमत म्हणजे व्याकरणाच्या पेपरात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. ‘वी शुड चेक द बारकोड.’ चूक काय? इंग्रजीला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक माहीत नाही. आपल्याला तो इतका अंगवळणी पडलेला आहे की तो आहे हेच लक्षात येत नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की समोरचा चप्पल घालतो, ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटलं की तो जागेवर बसून राहतो. गुजरातीत हा फरक आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, इंग्रजीच्या ‘वी’मध्ये तर नाहीच. तिच्या मनात ‘आपण’ होतं : लेबलची फाइल तुमची, छपाई आमची, तेव्हा दोघं मिळून बघू. आयातदाराने ‘आम्ही’ वाचलं : पॅकहाऊसवाले बघणार आहेत, छान. म्हणून ‘साउंड्स गुड’. इकडे हिला वाटलं, त्यांनी बघून होकार दिला.

त्यात ‘शुड’ची भर. ‘वी’ला ‘शुड’ जोडला की काम कोणाच्याच अंगावर पडत नाही. घरात कोणी ‘एकदा माळा आवरायला पाहिजे’ म्हटलं की दिवाळीपर्यंत माळा तसाच राहतो, त्यातलाच प्रकार. ‘वी विल चेक’ असतं तर निदान ‘आम्ही’ पक्का झाला असता. ‘कुड यू चेक’ असतं तर काम उचलून त्यांच्या टेबलावर गेलं असतं.

दुसऱ्या वाक्याने पैशाचं नुकसान केलं नाही, संबंधांचं केलं. ‘यू मस्ट कन्फर्म.’ मराठीत अदबीचं ओझं सर्वनाम आणि क्रियापद मिळून वाहतात. तू, तुम्ही, आपण. दे, द्या, द्याल का, द्यावे. इंग्रजीतही एके काळी तू-तुम्ही होतं. ‘दाउ’ हा त्यांचा ‘तू’. सतराव्या शतकात तो रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला आणि राजापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांना एकच ‘यू’ उरला. सर्वनामातून गेलेली अदब मग बरीचशी या सहायक क्रियापदांच्या खांद्यावर आली. कॅन यू, कुड यू, वुड यू, वुड यू माइंड, अशी ती शिडी. ‘यू’ सगळीकडे तोच, पण मागचं-पुढचं क्रियापद बदललं की तो ‘तू’ होतो नाहीतर ‘आपण’ होतो. ‘यू मस्ट’मधला यू हा आईने कान धरून म्हटलेला ‘तू’ आहे. (पाहुण्याला ‘यू मस्ट ट्राय दिस’ म्हटलेलं चालतं, कारण तिथे आग्रह आहे. आपणही पाहुण्याला ‘खाल्लंच पाहिजे’ म्हणतोच की. बिलाच्या किंवा होकाराच्या बाबतीत हाच ‘च’ टोचतो.)

यावर ती म्हणाली, ‘मग मॅडम, यू मे कन्फर्म लिहू?’ ही दुसरी खोड. ती तिची नव्हे, आपल्या सरकारी कार्यालयांची. ‘सदर कागदपत्रे पाठविण्यात यावीत’ याचं कचेरीतलं इंग्रजी पिढ्यान् पिढ्या ‘मे काइंडली बी सेंट’ असं होत आलं आहे. आपल्याकडे सगळ्यांना ते कळतं. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र ‘यू मे कन्फर्म’ हे ‘जा, दिली परवानगी’ असं ऐकू येतं. म्हणजे ‘मस्ट’मध्ये ती हुकूम सोडत होती, ‘मे’मध्ये सिंहासनावर बसून परवाने वाटू लागली असती.

उत्तर तिच्याच फोनवरच्या वाक्यात होतं. ‘तुमचा होकार शुक्रवारच्या आत लागेल आम्हाला.’ मराठीत गरज असणारा माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूला उभा राहतो आणि समोरच्यावर बोट रोखलं जात नाही. इंग्रजीतही हेच करता येतं, ‘यू’च्या जागी ‘वी’ आणून : ‘वी विल नीड युअर कन्फर्मेशन बाय फ्रायडे.’ गरज आमची आहे, हुकूम कोणालाच नाही. मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा ती जरा चिडूनच म्हणाली, ‘हे तर मी मराठीत म्हटलं तेच आहे!’

आता ‘टिल’. मराठीचं ‘पर्यंत’ दोन कामं एकटं करतं, इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द आहेत. ‘संध्याकाळपर्यंत दूध आण’ आणि ‘संध्याकाळपर्यंत दूध बाहेर ठेव’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात काम एकदाच व्हायचंय, संध्याकाळ ही त्याची शेवटची मुदत. तिथे ‘बाय’. दुसऱ्यात दूध संध्याकाळ होईतो तसंच राहायचंय. तिथे ‘टिल’. ओळखायची खूण मराठीतच आहे : ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘संध्याकाळच्या आत दूध आण’ बसतं, ‘संध्याकाळच्या आत दूध बाहेर ठेव’ म्हटलं तर अर्थच पालटतो. बसलं तर ‘बाय’, पालटलं तर ‘टिल’.

नकार आला की हे प्रकरण आणखी बारीक होतं. ‘शुक्रवारपर्यंत पैसे येणार नाहीत.’ म्हणजे शुक्रवारी येतील, की शुक्रवार उलटला तरी आलेले नसतील? मराठीत दोन्ही अर्थ निघतात, सुरावरून आपण ठरवतो. इंग्रजीत ‘वोन्ट कम अंटिल फ्रायडे’ म्हटलं तर शुक्रवारी येतील अशी आशा आहे, आणि ‘वोन्ट कम बाय फ्रायडे’ म्हटलं तर शुक्रवारी वाट बघू नका. निर्यातीच्या धंद्यात या दोन वाक्यांमधलं अंतर कधी कधी बँकेतल्या ओव्हरड्राफ्टएवढं असतं.

तिसऱ्या वाक्याबद्दल फार लिहीत नाही. ‘वी वुड लोड’ ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे, ‘वुड’ हा ‘विल’पेक्षा सभ्य वाटतो म्हणून. इंग्रज वाचक ‘वुड’ दिसला की ‘जर’ शोधतो. आम्ही भरला असता, जर काय? इथे त्याने स्वतःच ‘जर’ भरला : मी कन्फर्म केलं तर शनिवारी भरतील. त्याने कन्फर्म केलं नव्हतं, त्यामुळे शनिवार त्याच्या डोक्यातच नव्हता. ‘साउंड्स गुड’ हा त्याच्या लेखी एकूण बेताला दिलेला दुजोरा होता, लेबलला दिलेला होकार नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं. खरा भडका पुढच्या मेलने उडाला, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात तेच वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे.

बारकोडचा घोळ कळल्यावर पोरगी रडकुंडीला आली होती. मालकांनी सांगितलं, ‘आपली चूक कबूल कर, माफी माग.’ तिने लिहिलं : ‘वी आर सॉरी. वी मस्ट हॅव चेक्ड द लेबल.’

तिला म्हणायचं होतं, ‘आम्ही लेबल तपासायलाच हवं होतं.’ यादीप्रमाणे ‘च पाहिजे’चा ‘मस्ट’, ‘होतं’चा ‘हॅव’. गणित जुळलं. पण ‘मस्ट हॅव चेक्ड’चा अर्थ होतो ‘आम्ही तपासलंच असणार’. आधी सॉरी आणि लगेच पुढे, आम्ही तपासलं असणारच, म्हणजे चूक आमची नाहीच! माफीनामा म्हणून पाठवलेला कागद तिकडे कांगावा म्हणून पोचला. उत्तर आलं : ‘वेल, यू क्लिअरली डिडन्ट.’ त्या चार शब्दांनी ती दोन रात्री झोपली नाही, असं तिने मला नंतर सांगितलं.

मराठीत ही दोन वाक्यं चेहऱ्यानेच वेगळी आहेत. ‘तपासायला हवं होतं’ यात पश्चात्ताप आहे, काम झालेलं नाही. ‘तपासलं असणार’ यात अंदाज आहे, काम बहुधा झालं आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘शुड हॅव’, दुसऱ्यासाठी ‘मस्ट हॅव’. वर्तमानात शुड आणि मस्ट एकमेकांचे धाकटे-थोरले भाऊ वाटतात, एक जरा मऊ, एक जरा कडक. मागे ‘हॅव’ लागला की थोरल्याने घर बदललेलं असतं. म्हणजे ‘अधिक जोर द्यायचा म्हणून शुडऐवजी मस्ट’ हा हिशेब भूतकाळात सरळ उलटा पडतो. जितकी मनापासून माफी मागाल तितका नकार ठाम होत जाणार.

मी तिला दोन ओळी लिहायला लावल्या. फळ्यावर नाही, तिच्या वहीत, ‘च पाहिजे’ खोडून त्याच्या जागी :

हवं होतं, पण झालं नाही : शुड हॅव.
झालं असणार : मस्ट हॅव.

वही चाळताना शब्दयोगी अव्ययांच्या पानावर, अगदी तळाला, ताज्या शाईत आणखी एक नोंद सापडली. ‘शुड ऑफ’. अर्थाची जागा कोरी होती.

‘हे कुठून आलं गं?’

‘त्यांच्याच मेलमध्ये होतं मॅडम. वी शुड ऑफ अग्रीड धिस बिटवीन अस. मला वाटलं, शुडनंतर ऑफ पण लागतो. कुठे लागतो ते तुम्हाला विचारणार होते.’

मला हसू आवरेना, आणि मग तिची माफी मागावी लागली. आयातदाराकडचा तो गृहस्थ जन्माने इंग्रज, आणि त्याने इंग्रजांचीच एक घरगुती चूक केली होती. बोलताना ‘शुड हॅव’मधला ‘हॅव’ इतका झिजतो की उरतो नुसता ‘अव्ह’, आणि ‘चा-ची-चे’ दाखवणारं ‘ऑफ’ हे अव्ययही जोर न देता बोललं की तसंच ऐकू येतं. कानाला जे आलं ते तिकडची कितीतरी माणसं तसंच लिहून टाकतात : शुड ऑफ, कुड ऑफ. त्यांच्या शाळांतले मास्तर त्यावर लाल रेघ मारतातच. आपल्याकडे ‘आणि’चा ‘आनि’ होतो, त्यातलंच. पण हिने तो नवा नियम समजून प्रामाणिकपणे उतरवून घेतला होता. साहेबाच्या मेलमध्ये चूक असू शकते ही शक्यताच तिच्या मनाला शिवली नव्हती.

‘बिटवीन अस’ मात्र त्याने बरोबर लिहिलं होतं. अव्ययानंतर ‘वी’ येत नाही, ‘अस’ येतो, हे तिला दाखवलं. ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे आपल्यात. आपणमध्ये असं कोणी म्हणत नाही.’ नामाचं, सर्वनामाचं सामान्यरूप ज्या भाषेत पावलोपावली होतं, त्या भाषेच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

तिथून गाडी ‘एक्स्प्लेन मी’वर आली. ‘कॅन यू एक्स्प्लेन मी द चार्जेस’ हे तिचं रोजचं वाक्य. मराठीत सांगा, द्या, पाठवा, समजावा, सुचवा, सगळ्यांना एकच ‘मला’. इंग्रजीत टेल मी, गिव्ह मी, सेंड मी हे सुटे चालतात. एक्स्प्लेन, सजेस्ट, से यांना मात्र मध्ये ‘टू’ लागतो. याला तर्क द्यायचा मी प्रयत्न केला नाही. पाठ करायचं. सोपी गोष्ट एवढीच सांगितली की वस्तूसुद्धा सर्वनाम झाली, म्हणजे ‘द फाइल’च्या जागी ‘इट’ आला, की ‘सेंड इट टू मी’ म्हणणंच सोयीचं, ‘सेंड मी इट’ कानाला अडखळतं. ‘कुड यू सेंड इट टू मी बाय फ्रायडे’ हे एक वाक्य घोकलं तरी या धंद्यातली निम्मी कामं निघतात.

एक दिवस तिने विचारलं, ‘शॅल कुठे वापरायचा?’ मी मुळापासून सुरुवात केली. जुन्या इंग्रजीत ‘शॅल’च्या पूर्वजाचा अर्थ होता कर्ज असणं, देणं असणं. ‘ऑट टू’ही ‘ओ’ या देणेकरी क्रियापदाच्याच भूतकाळातून आलेला. आणि ‘कॅन’ मूळचा ‘जाणणे’. ती ऐकत होती, मग एकदम म्हणाली, ‘आपलं पण तसंच आहे की. मी त्याचे पाचशे रुपये देणं लागते, आणि मला जावं लागतं. तेच लागणं.’ मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. कर्तव्य म्हणजे फेडायचं देणं, असं दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ठरवून टाकलेलं. त्या दिवशीची फी घ्यायला मला जरा लाज वाटली.

खर्चाचा वाद शेवटी अर्धा-अर्धा मिटला. त्यात माझ्या शिकवण्याचा वाटा नाही. दोन्हीकडच्या मालकांना पुढच्या हंगामाचा माल हवा होता.

शिकवणी संपल्यावरही चुका होतच राहिल्या, फक्त त्यांचा वळसा बदलला. ‘बाय’ची खात्री पटल्यावर तिने तो सगळीकडे पेरला. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये एक मेल गेला : ‘वी कॅन कीप द स्टॉक इन कोल्ड स्टोरेज बाय 10 मार्च.’ इथे माल ठेवून राहायचा होता, म्हणजे ‘टिल’च हवा होता. ‘च्या आत’ची चाचणी घ्यायला ती विसरली होती. नुकसान झालं नाही, कारण तिकडून कोणीतरी फोन करून विचारलं. ‘वुड’ अजूनही सुटलेला नाही. तो सुटेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही घाईत ‘वी वुड इन्फॉर्म यू’ लिहून जातेच.

या हंगामात लेबलची नवी फाइल आली, तेव्हा तिने मला न विचारता मेल लिहिला आणि पाठवल्यावर दाखवला : ‘विल यू चेक द बारकोड ॲट युअर एंड, ऑर शॅल वी डू इट ॲट अवर्स? वी विल नीड युअर कन्फर्मेशन बाय फ्रायडे. वी आर लोडिंग ऑन सॅटरडे.’ तुम्ही तुमच्याकडे, आम्ही आमच्याकडे. ‘वी’चा अर्थ ‘आम्ही’च आहे हे ‘युअर एंड’ आणि ‘अवर्स’ या जोडीने बांधून टाकलं होतं.

उत्तर आलं, ‘वी विल डू इट बाय थर्सडे.’ त्याचा फोटो तिने मला व्हॉट्सॲपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, या वीमध्ये आपण नाही ना?’

मी लिहिलं, नाही. तरी तिने इंग्लंडला फोन लावून विचारून घेतलंच.